न पुसलेली डिस्क

त्याला सगळे तीनदा म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव विजेच्या बिलावर होतं तेवढंच. कुलूप लावलं की हा ते तीनदा ओढून बघणार, रस्ता ओलांडताना तीनदा मान वळवणार आणि दुरुस्त केलेला कॉम्प्युटर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी तीन वेळा रीस्टार्ट करून दाखवणार. "एकदा चालला तर नशीब, दोनदा चालला तर योगायोग, तिसऱ्यांदा चालला तर काम," असं तो म्हणे. लग्नाचं मात्र त्याचं एकदाही जमलं नाही, आणि हा विनोद गल्लीतल्या प्रत्येकाने त्याच्या तोंडावर किमान तीनदा केलेला होता.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. वरून कोणी धावत उतरलं की छताचा चुना टेबलावर पडे, म्हणून उघडलेलं मशीन तो एका मोडक्या छत्रीखाली ठेवत असे. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. माणूस कामाला चोख, थोडा हट्टी, स्वतःवर जरा जास्तच खूश, पण त्याने कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस शोधायला गेलात तर हाती कुणीच लागणार नाही.

त्याचा थोरला भाऊ पाच गल्ल्या पलीकडे राहायचा. दादा गेला तेव्हा तीनदा पुरुषासारखा पुरुष महिनाभर दुकानाचं अर्धं शटर पाडून बसला होता. मागे राहिल्या वहिनी आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला नोकरी करणारी त्यांची लेक. वहिनी घरी बसून पुस्तकांच्या सूची करत. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, ती यादी. चारशे पानांचं पुस्तक डोक्यात धरून ठेवायचं आणि एकही पान निसटू द्यायचं नाही, असं ते काम. तीस वर्षं त्यांनी ते केलं आणि छापखान्यातून एकदाही तक्रार आली नाही. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

कॉम्प्युटर दादाने घेतलेला. पडदा आणि मशीन एकाच अंगात असलेला, बारा वर्षांचा. सकाळी बटण दाबलं की वहिनींची अंघोळ होऊन केस विंचरून व्हायचे, तरी तो आपला गोल चक्र फिरवत बसलेला. दोष मशीनचा नव्हता, आतली जुनी हार्ड डिस्क थकली होती. ती बदलायची तर पुढची काच गोंदातून कापून काढावी लागते, आणि तीनदाने मागे एका गिऱ्हाइकाची अशी काच फोडली होती. दुधाने तोंड पोळलेलं, तेव्हा ताक फुंकून पिणं आलंच.

"वहिनी, पोटाला हात लावायचाच नाही," त्याने सांगितलं. "बाहेरून नवी डिस्क जोडू. काडेपेटीएवढी असते. मशीन तिच्यावरून चालू होईल, आतलीकडे ढुंकून बघणार नाही."

"माझ्या फाइली?"

"जशाच्या तशा. आतल्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून बाहेरच्या डिस्कवर उतरवतो. तुम्हाला फरक कळणार नाही, फक्त तो तरुण झालेला दिसेल."

आणि तो झाला. नक्कल उतरायला एक अख्खी दुपार गेली. मग तीनदाने मशीनला बजावलं, की यापुढे चालू व्हायचं ते या बाहेरच्या डिस्कवरूनच. केबल पडद्यामागे नीट खोचली. रीस्टार्ट केलं, अर्ध्या मिनिटात पडदा हजर. पुन्हा केलं, पुन्हा हजर. तिसऱ्यांदा वहिनींनाच करायला लावलं. त्या हसल्या, महिन्याभरात पहिल्यांदा.

मग त्यांनी दोन गोष्टी काढून टाकायला सांगितल्या. पडद्यावर दादाचा मोठा फोटो होता, खुर्चीत रेलून थेट समोर बघणारा. आणि रोज अकरा वाजता एक छोटी चौकट उगवायची, तीही दादानेच लावून ठेवलेली: 'गॅस बंद केलास का?' वहिनी कामात बुडाल्या की दूध उतू जायचं, म्हणून. "हयातीत चाळीस वर्षं विचारलं," वहिनी म्हणाल्या. "आता नको. आता ते बघून मला काम सुचत नाही." तीनदाने दोन्ही काढलं. फोटोच्या जागी साधा निळा रंग आला.

आतल्या जुन्या डिस्कवर मात्र दोन्ही तसंच राहिलं. काम पुरं झाल्यावर जुनी डिस्क पुसून टाकायची, हा त्याच्या धंद्यातला नियम, आणि दहाजणांना त्याने तो शिकवलेला. इथे बोट बटणापर्यंत गेलं आणि मागे आलं. दादाच्या हातचं होतं ते. तीनदाने डिस्क पुसली नाही, फक्त लपवली, म्हणजे वहिनींना दोन-दोन डिस्क दिसून गोंधळ नको. भावावर माया असणं हा काही गुन्हा नव्हे.

थंडी पडायला लागली आणि वहिनींचा पहिला फोन आला. "भाऊजी, काल केलेली वीस पानं गेली."

तो तीनच्या सुमारास गेला. दुकान दुपारी जेवायला बंद करून तो नेहमी याच वेळी जाई. पाहतो तर वीसच्या वीस पानं जागच्या जागी. वहिनी ओशाळल्या. "सकाळी नव्हती. मी घाबरून बंद करून पुन्हा चालू केलं, तर आली."

"चष्मा बदला, वहिनी."

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग आठवड्यात दोनदा. कधी पानं जायची आणि यायची, कधी सकाळभर केलेलं काम दुपारी नाहीसं व्हायचं आणि कितीदा बंद-चालू केलं तरी यायचं नाही. तीनदा येई, तीन वेळा रीस्टार्ट करी, सगळं सुरळीत. मशीनमध्ये दोष नाही म्हटल्यावर दुसरीकडे कुठे असणार? त्याच्या मनात पाल चुकचुकली, पण ती भलत्याच भिंतीवर.

एके दिवशी वहिनींनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगू? कुणाला बोलू नका. ते परत दिसतात."

"कोण?"

"तुमचे दादा. पडद्यावर. रोज नाही. आणि त्या दिवशी अकरा वाजता विचारतातही, गॅस बंद केलास का."

तीनदाने पडद्याकडे पाहिलं. निळा रंग होता. त्याच्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोला. खिडकीतून ऊन येत होतं, रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि समोर चाळीस वर्षं ओळखीची बाई शांतपणे हे सांगत होती.

"आणि आणखी एक. ज्या दिवशी ते दिसतात त्या दिवशी हा कॉम्प्युटर पुन्हा म्हातारा होतो. माझे केस विंचरून होतात तरी चालू होत नाही."

हे वाक्य दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर समजण्यासारखं नव्हतं. तीनदाला सांगितलं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण शहाणा त्या वेळी वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होता, शब्दांकडे नाही. त्याला त्यांची दया आली. दया आली की माणूस ऐकायचं थांबतो.

मग छापखान्याचं पत्र आलं. नव्या पुस्तकाच्या सूचीत पान एकशे बारा ते एकशे साठ यांतली एकही नोंद नव्हती. तीस वर्षांतली पहिली तक्रार. वहिनी शपथेवर सांगत होत्या की त्या पानांचं काम केलंय, दोन सकाळी बसून केलंय. लेक सुटी काढून आली. तिने स्वयंपाकघर पाहिलं, औषधांचे डबे पाहिले, आईला आजची तारीख विचारली. मग जिन्याखालच्या दुकानात येऊन छत्रीशेजारच्या स्टुलावर बसली.

"काका, खरं सांगा. मशीनमध्ये काही असू शकतं का?"

"मशीन ठणठणीत आहे."

"नक्की?"

"तीनदा पाहिलंय," तो म्हणाला.

पुतणीने डोळे पुसले. तिलाही दुसरं उत्तर हवं होतं, पण काका ज्याअर्थी म्हणतो त्याअर्थी ते खरं. ती आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी वहिनींना विचारलं की कधी कुणाचा आवाज ऐकू येतो का, कुणी दिसतं का. वहिनी आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. "आवाज नाही. पण माझे मिस्टर कधी कधी विचारतात, गॅस बंद केलास का," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी मान न उचलता लिहून घेतलं. त्यानंतर कुणी वाद घालायचं कारणच उरलं नाही. एकटं राहणं बंद, काम बंद, रोज दुपारी एक गोळी, आणि मुक्काम लेकीच्या घरी मागच्या खोलीत. जाताना वहिनींनी गॅसचं बटण स्वतः तपासलं, मग लेकीला तपासायला सांगितलं.

दोन महिने घर बंद होतं. मग पुतणीचा फोन आला. "काका, घर भाड्याने द्यायचं ठरतंय. आईचा कॉम्प्युटर कुणा गरजूला देऊन टाका. आतलं सगळं पुसून."

माणसं सामान न्यायला दुपारी येणार होती, म्हणून तीनदा सकाळीच गेला. दहा वाजले असतील. या घरात तो सकाळी कधी आलाच नव्हता, हे त्याला दार उघडताना जाणवलं. खोल्या गार होत्या. सोफ्यावर चादर टाकलेली, दादाच्या खुर्चीवरही. कॉम्प्युटरचा भिंतीवरचा स्विच बंद होता. वहिनी रोज संध्याकाळी काम संपलं की भिंतीवरचा स्विच बंद करत, गॅसइतकाच नेमाने. त्याने स्विच चालू केला आणि लगेच मशीनचं बटण दाबलं.

गोल चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. तीनदाने खिडकी उघडली, टेबलावरची धूळ पुसली, मागे वळून पाहिलं. चक्र फिरतच होतं. अर्धं मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं. मशीनच्या पोटातून बारीक करकर ऐकू येत होती. हा आवाज त्याने स्वतः बंद पाडला होता, त्याला सहा महिने होऊन गेले होते.

मग पडदा उजळला आणि दादा समोर बसलेला होता. खुर्चीत रेलून, थेट त्याच्याकडे बघत.

तीनदाची पाचावर धारण बसली. तो मागे सरकला तो चादर टाकलेल्या खुर्चीवर आदळला आणि तिथून झटक्यात उठला. हाक मारावी असं वाटलं, पण कुणाला? घरात कुणी नव्हतं. साठी उलटलेला माणूस, पण पाठ भिंतीला टेकवून तो उभा राहिला आणि भावाकडे बघत राहिला. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. अकराला चौकट उगवली. 'गॅस बंद केलास का?'

तो खरंच स्वयंपाकघरात जाऊन बघून आला. बंद होता.

परत येताना दारातच त्याला कळलं, आणि ते कळणं फोटोपेक्षा वाईट होतं. भिंतीवरचा स्विच बंद केला की बाहेरच्या काडेपेटीची वीज पूर्ण तुटते. सकाळी ती गारठ्यातून जागी व्हायला दोन श्वास जास्त घेते. म्हातारं मशीन तेवढं थांबत नाही. बाहेरचं काही सापडलं नाही की ते मुकाट्याने आपल्या पोटातलं जुनं उघडतं. सगळ्याच दिवशी नाही, ज्या सकाळी गाठ पडत नाही त्या सकाळी. मग बाई घाबरून बंद-चालू करते, तोवर काडेपेटी जागी झालेली असते, आणि सगळं परत दिसतं. जुन्या डिस्कवर केलेलं काम जुन्या डिस्कवरच राहतं. आणि तो काय करत आला? दुपारी तीन वाजता यायचा, तापलेल्या मशीनवर तीनदा रीस्टार्ट करायचा. रीस्टार्टमध्ये वीज जातच नाही. त्याने तीनशे वेळा केलं असतं तरी हे दिसलं नसतं. एकदा, एकच वेळ, भिंतीवरचा स्विच बंद करून बघितलं असतं तर.

तो खुर्ची ओढून बसला आणि दादाच्या नजरेखाली फाइली उघडायला लागला. ही डिस्क त्या दुपारनंतर बंद असायला हवी होती. तिच्यावर गेल्या थंडीतल्या तारखा होत्या, एकामागून एक. पानं एकशे बारा ते एकशे साठ सापडली. नोंदी पूर्ण होत्या, एकही निसटलेली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे गावाला वळसा वहिनींनी घातला होता आणि काख होती तीनदाची.

त्याच्याखाली आणखी एक फाइल होती. तिला नाव नव्हतं. वहिनी जुन्या डिस्कवरच्या सकाळी तिच्यात एकेक ओळ लिहीत गेल्या होत्या. स्वतःलाच पुरावा म्हणून.

'आज पाने बारा ते चाळीस केली. खरंच केली. आज डोकं स्वच्छ आहे.'

'कालची ओळ दुपारी दिसली नाही. आज दिसते आहे. मी लिहिली होती हे मला आठवतंय.'

'आज हे पुन्हा दिसले. मी त्यांच्याशी बोलले नाही.'

'गॅस तीन वेळा पाहिला. बंद होता.'

अशा तेवीस ओळी. शेवटची ओळ पुतणी दुकानात येऊन गेल्यानंतरची होती. 'लेकीने भाऊजींना विचारलं. ते म्हणतात, मशीन ठणठणीत आहे. भाऊजी चुकत नाहीत. म्हणजे मीच.'

तीनदा रडला. दादा गेला तेव्हा रडला नव्हता एवढा. सामान न्यायला आलेल्या माणसांना त्याने दारातूनच परत पाठवलं, त्या तेवीस ओळी आणि त्या एकोणपन्नास पानांच्या नोंदी कागदावर छापून घेतल्या, आणि दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला.

पुतणीने दार उघडलं. मागच्या खोलीत वहिनी पलंगावर बसल्या होत्या, हात मांडीवर. अंगाने बऱ्या होत्या. खोलीत टेबल नव्हतं. पाणी प्यायला उठताना त्यांनी लेकीकडे पाहिलं, तिने होकार दिला, मग त्या उठल्या. हे तीनदाने पाहिलं.

त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. डिस्क पुसली नाही ते सांगितलं, लपवली ते सांगितलं, स्विच, गारठा, दुपारचे तीन, सगळं. "दादा दिसत होता, वहिनी. मलाही दिसला. अकरा वाजता विचारलं त्याने, मलासुद्धा. तुम्ही बोललात ते अक्षरन् अक्षर खरं होतं. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. चूक माझी. मी तुम्हाला वेडं ठरवलं." मग त्याने कागद पलंगावर ठेवले.

पुतणी दाराला टेकून उभी होती. ती एका हाताने तोंड दाबून धरत मटकन खाली बसली. "गोळी," ती म्हणाली. "मी दोन महिने रोज तिला गोळी देतेय, काका."

वहिनींनी कागद उचलले. एकशे बाराव्या पानापासून सावकाश बोट फिरवत गेल्या, जुन्या सवयीने. दोन ठिकाणी थांबल्या, पुढे गेल्या. शेवटी तेवीस ओळींचा कागद आला. तो त्यांनी वाचला आणि पालथा ठेवला. तीनदा वाट बघत होता. त्यांनी शिव्या द्याव्यात, कागद तोंडावर फेकावेत, काहीही करावं, असं त्याला वाटत होतं.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी अगदी हळू, कुणाला त्रास होऊ नये अशा आवाजात विचारलं, "भाऊजी, हे तुम्ही मला आजच सांगताय ना? की आधी सांगून झालंय आणि मी विसरले?"

"आजच, वहिनी. पहिल्यांदाच."

त्यांनी मान डोलावली, पण डोळे त्याच्यावरून हलले आणि जमिनीवर बसलेल्या लेकीकडे गेले. लेकीने होय म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी खरं मानलं.